पियानोतलं पिस्तूल

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातलं एक खेडं. चर्चच्या सभागृहात गावकऱ्यांनी बसवलेलं नाटक सुरू व्हायचं आहे. निमित्त मदतनिधीचं: तरुण मंडळींच्या संस्थेला नवा पियानो हवाय, कारण जुना पार खिळखिळा झालाय. पडदा उघडण्याआधी त्याच जुन्या पियानोवर एक तुकडा वाजवायचा आहे. तो मान मिळवण्यासाठी गावातल्या दोन प्रौढ कुमारिकांमध्ये बरीच ओढाताण झालेली आहे. ऐनवेळी एकीचं बोट पिकतं आणि दुसरी, मिस कॅम्पॅन्युला, विजयी मुद्रेनं पियानोपाशी बसते. रॅखमानिनॉफचा प्रेल्यूड. सुरुवातीचे तीन सूर दणदणीत, लगेच पुढचे अगदी हलके. हलके वाजवायचे म्हणून ती डावं पेडल दाबते, पियानोच्या आतून पिस्तूल सुटतं आणि नाटक सुरू होण्याआधीच संपतं.

नायो मार्श यांच्या ‘ओव्हर्चर टू डेथ’ या 1939 सालच्या कादंबरीतला हा खून आहे. इंग्रजीत ज्याला ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात त्या प्रकारातली ही कथा. लहानशी वस्ती, एकमेकांना नावानिशी ओळखणारी माणसं, रक्तपाताचं वर्णन जेवढ्यास तेवढं, आणि गुन्ह्याइतकीच गावातल्या कुचाळक्यांची मजा. या प्रकारात पाद्र्याचं घर, जुना वाडा, वाचनालय, बागप्रेमींचा क्लब अशी ठरलेली ठिकाणं आहेत. हौशी नाटकमंडळी हे त्यातलं सगळ्यात कसदार ठिकाण आहे, असं माझं मत. त्याची कारणं तालमीच्या खोलीत आणि विंगेत शोधावी लागतात.

पियानोपासूनच सुरुवात करू. उभ्या पियानोत डावं पेडल दाबलं की आतली एक पट्टी सगळ्या हातोड्यांना तारांच्या थोडं जवळ नेते. हातोड्यांचा पल्ला कमी होतो, ठोका हलका पडतो. म्हणजे पाय पडला की पियानोच्या पोटात काहीतरी हलतं, आणि जिथे काहीतरी हलतं तिथे दोरी बांधता येते. कादंबरीत ही करामत आधी गावातला एक व्रात्य पोरगा करतो. वाजवणारीच्या तोंडावर पाणी उडावं म्हणून तो पाण्याची पिचकारी-बंदूक, दोऱ्या आणि कप्प्या आत बसवून ठेवतो. नंतर कुणीतरी पिचकारीच्या जागी खरं पिस्तूल ठेवतं. खुनाचं यंत्र पोरखेळानं आयतं तयार करून ठेवलेलं. खुन्यानं फक्त एक वस्तू बदललेली. पिस्तूलही बाहेरून आणलेलं नाही. ते गावच्या जमीनदाराचं, आणि ते त्याच्या घरात कुठे असतं हे सगळ्या मंडळींना ठाऊक.

आता वेळेचा भाग. पेडल पहिल्याच सुराला दाबलं जात नाही. हळुवार जागा आली की दाबलं जातं. तोवर सभागृह भरलेलं असतं, दिवे मंद झालेले असतात आणि संशयितांपैकी प्रत्येक जण पडद्यामागे रंग लावून आपल्या प्रवेशाची वाट पाहत उभा असतो. सगळ्यांकडे साक्षीदार आहेत, म्हणून कुणाच्याच साक्षीदाराला किंमत नाही. प्रश्न गोळी सुटली तेव्हा कोण कुठे होतं हा उरतच नाही. आदल्या दिवसात सभागृहात एकटं कोण आलं होतं, हा उरतो. आणि त्याच्याही आधीचा, जास्त त्रासदायक प्रश्न: मारायचं होतं कुणाला? शेवटच्या क्षणापर्यंत पियानोवर दुसरीच बाई बसणार होती. वादक बदलल्याचं खुन्याला कळलं होतं की नव्हतं, यावर सगळा तपास तरंगत राहतो. बोट पिकण्यासारख्या क्षुल्लक घटनेवर एवढं ओझं टाकणं फक्त नाटकवाल्या लेखकालाच सुचू शकतं. ऐनवेळी बदली कलाकार उभा करणं म्हणजे काय, हे ज्यानं सोसलंय त्यालाच.

मार्शबाईंनी ते सोसलं होतं. त्यांचा जन्म 1895 साली न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा. वडील बँकेत कारकून. आई-वडील दोघांनाही हौशी नाटकांचा नाद. बाईंनी चित्रकलेचं शिक्षण घेतलं, मग अ‍ॅलन विल्की यांच्या फिरत्या शेक्सपिअर कंपनीत नटी म्हणून गावोगाव हिंडल्या. 1928 मध्ये लंडनला गेल्या. तिथे एका मैत्रिणीबरोबर भेटवस्तूंचं दुकान चालवत असताना त्यांनी पहिली रहस्यकथा लिहायला घेतली. ती 1934 साली छापून आली. पुढे 1982 पर्यंत अशा 32 कादंबऱ्या झाल्या आणि सगळ्यांत तपास करणारा माणूस एकच, स्कॉटलंड यार्डचा रॉडरिक अ‍ॅलन. त्याचं आडनाव एडवर्ड अ‍ॅलन या शेक्सपिअरच्या काळातल्या नटावरून घेतलं होतं. या नटानं लंडनजवळ डलिच इथे काढलेल्या शाळेत बाईंचे वडील शिकले होते. थोडक्यात, अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स आणि मार्जरी अ‍ॅलिंगहॅम यांच्या पंगतीत ज्यांचं नाव घेतात, त्या लेखिकेचा पोलिससुद्धा नाटकातूनच आलेला.

लोकप्रियताही मोठी. 1949 साली पेंग्विननं त्यांच्या दहा कादंबऱ्या एकदम काढल्या, प्रत्येकीच्या एक लाख प्रती. पण बाईंचा जीव गुंतला होता दुसरीकडेच. 1940च्या दशकात क्राइस्टचर्चच्या विद्यापीठ कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी शेक्सपिअर बसवायला सुरुवात केली. 1943 चं ‘हॅम्लेट’ आजच्या कपड्यांत, ऐन महायुद्धात, हौशी पोरांकडून. त्याला संगीत डग्लस लिलबर्न या तरुण संगीतकाराचं. मग ‘ऑथेल्लो’, मग आणखी. पुढची दोन-अडीच दशकं हे चाललं आणि 1967 मध्ये कँटरबरी विद्यापीठातल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव मिळालं. 1966 साली ‘डेम’ हा किताब मिळाला. त्याच सुमारास आलेल्या आत्मचरित्रात नाटकाविषयी पानंच्या पानं आहेत आणि रहस्यकथांविषयी इतकं कमी, की वाचक चकित होतात. ज्या लिखाणावर घर चाललं त्याबद्दल त्या जराशा संकोचलेल्याच दिसतात.

म्हणून त्यांच्या कथांमधलं रंगमंचाचं ज्ञान वरवरचं नाही. ‘एंटर अ मर्डरर’ (1935) मध्ये नाटकातल्या पिस्तुलाच्या खोट्या काडतुसांच्या जागी खरी काडतुसं येतात आणि प्रेक्षकांसमोर खून होतो. प्रेक्षकांत अ‍ॅलन स्वतः बसलेला. ‘व्हिंटेज मर्डर’ (1937) मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आलेल्या कंपनीच्या मालकावर शॅम्पेनची भलीमोठी बाटली वरून कोसळते. ती ज्या दोरीवर आणि वजनावर तोललेली होती तिच्यात कुणीतरी फेरफार केलेला. मरणाच्या साली लिहून संपवलेलं ‘लाइट थिकन्स’ तर अख्खं ‘मॅकबेथ’च्या तालमींवर उभं आहे, त्या नाटकाचं नाव नाट्यगृहात उच्चारायचं नाही या ब्रिटिश नटांच्या समजुतीसकट.

ही तिन्ही व्यावसायिक नाटकं. खुनी म्हणून माझी पसंती हौशी नाटकाला आहे.

व्यावसायिक रंगमंचावर वस्तूंना धनी असतो. प्रॉपर्टी सांभाळणारा माणूस वेगळा, कपडेपटाचा वेगळा, दिव्यांचा वेगळा. विंगेतल्या टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा आखलेली, आणि त्या जागेवर दुसऱ्यानं हात घातला तर आरडाओरडा होतो. असल्या ठिकाणी खोटी काडतुसं बदलायची तर खुन्याला शिस्त मोडावी लागते, आणि मोडलेली शिस्त हाच सुगावा ठरतो. गावच्या सभागृहात मोडायला शिस्तच नसते. किल्ली एका पायरीखाली किंवा खिळ्याला, ती कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक. पडदा ओढणारा दुसऱ्या अंकात पोस्टमन होतो, तिकिटं फाडणारी चहाही करते, आणि सोफा ज्याच्या घरून आलाय तो तालमीत मधेच येऊन त्यावर बसून बघतो. कुणीही कुठेही असण्याला कायम कारण असतं. ‘ओव्हर्चर टू डेथ’मध्ये अ‍ॅलनला सगळ्यात जास्त घाम हाच प्रश्न फोडतो: पियानोजवळ कोण गेलं याचं उत्तर ‘कोण नाही गेलं’ असं आहे.

आणि हेतू. कथेतला खून वारसा, लफडं, ब्लॅकमेल यांच्यावर चालतो, तसा इथेही आहेच. गावचे डॉक्टर एका आकर्षक बाईच्या मागे लागलेले, जमीनदाराच्या मुलाचं पाद्र्याच्या मुलीवर प्रेम, आणि त्या दोन कुमारिका दोघीही पाद्र्याच्या मागे. पण हे सगळं नेहमी दबलेलं असतं. नाटक त्याला वाचा फोडतं. भूमिकावाटप झालं की गावाची उतरंड कागदावर येते. कुणाला नायिका, कुणाला दाई, कुणाला फक्त ‘पहिला पाहुणा’. वर्षानुवर्षं ज्या गोष्टी चहाच्या कपांमागे लपवल्या त्या आता ‘तिला का, मला का नाही’ या एका वाक्यात बाहेर पडतात. व्यावसायिक नटाला भूमिका गेली तर पैसे जातात. हौशी नटाची गावातली जागा जाते. पैसे पुन्हा मिळतात.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. गणेशोत्सवातलं सोसायटीचं नाटक असो किंवा गोव्यात जत्रेला देवळासमोर होणारा प्रयोग असो, तालीम मास्तर कोण आणि नायकाच्या भूमिकेवर कुणाचा हक्क, यावरून वर्षभर बोलणं बंद झालेली माणसं बहुतेक गावांत सापडतील. आणि खेळ म्हणून सुरू झालेली गोष्ट हौशी मंडळींच्या हातात कशी विखारी होते, हे दाखवणारं याहून टोकाचं नाटक मराठीतच आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) मध्ये अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला एक हौशी संच गावात येतो, आणि वेळ घालवायला म्हणून मांडलेल्या खोट्या खटल्यात आपल्यातल्याच एका बाईचं आयुष्य सोलून काढतो. तिथे खून नाही, गुप्तहेर नाही, आणि अर्थातच काहीही ‘कोझी’ नाही. पण यंत्र तेच: नाटकाच्या नावाखाली सगळ्यांना खरं बोलायची परवानगी मिळते.

मार्शबाईंवरची माझी तक्रारही सांगून टाकतो. त्या दोन कुमारिकांचं चित्र त्यांनी फार कडवट रंगवलंय. वय झालेली, लग्न न झालेली, धर्मात आणि पाद्र्यात मन गुंतवलेली बाई म्हणजे हास्यास्पद आणि किंचित धोकादायक, हा त्या काळच्या इंग्रजी कादंबरीचा ठरलेला साचा त्यांनी तसाच उचलला. गंमत अशी, की लेखिका स्वतः आयुष्यभर अविवाहित राहिली. शिवाय खून झाल्यावर अ‍ॅलन एकेका माणसाला बसवून प्रश्न विचारत जातो तो भाग लांबतो. तालमींची पहिली प्रकरणं जितकी जिवंत, तितकी चौकशीची मधली पानं सपाट. बाईंना माणसं एकत्र आणण्यात रस होता. त्यांना पुन्हा एकेकटं करणं त्यांना कंटाळवाणं वाटत असावं.

ही उणीव पन्नास वर्षांनी कॅरोलाइन ग्रॅहम यांनी भरून काढली. ‘डेथ ऑफ अ हॉलो मॅन’ (1989) ही इन्स्पेक्टर बार्नबीवरची त्यांची दुसरी कादंबरी. ‘मिडसमर मर्डर्स’ ही टीव्ही मालिका ज्या पुस्तकांवरून सुरू झाली त्यातलीच एक. मालिकेत तिचा भाग 1998 मध्ये आला. कॉस्टन गावाची हौशी नाट्यसंस्था पीटर शॅफर यांचं ‘अमॅडियस’ बसवते आहे. मोत्झार्टवर जळणारा संगीतकार सालिएरी शेवटी वस्तऱ्यानं स्वतःचा गळा कापू पाहतो, हा त्या नाटकातला प्रसंग. वस्तरा खरा, पण पात्यावर चिकटपट्टी. पहिल्या प्रयोगाला कुणीतरी ती पट्टी काढून ठेवतं, आणि सालिएरीचं काम करणारा नट शेकडो डोळ्यांसमोर, दिग्दर्शकानं सांगितलं तसं, स्वतःच्या हातानं स्वतःला मारतो. मार्शबाईंच्या पियानोचीच ही पुढची पायरी: खुनी आसपास नसतो, आणि मारणारा हात मेलेल्याचाच असतो.

ग्रॅहमबाईंचा खरा डाव मात्र वेगळा आहे. त्यांचा पोलिस बाहेरून येत नाही. इन्स्पेक्टर बार्नबीची बायको जॉइस त्याच नाटकात काम करते आणि तो स्वतः नेपथ्य रंगवायला मदत करत असतो. ज्या माणसांना तो खुनानंतर प्रश्न विचारणार, त्यांच्याबरोबर त्यानं ब्रश धुतलेले असतात. आणि खुनापर्यंत पोचायला कादंबरी बराच वेळ घेते. तोवर आपण तालमी बघतो: स्वतःला महान समजणारा दिग्दर्शक, आणि सगळी कामं करूनही जिचं नाव कुणी घेत नाही अशी त्याची सहायक, डीड्री. तिच्यावरची प्रकरणं वाचताना खून झाला नसता तरी चाललं असतं असं वाटून जातं, आणि ही रहस्यकथेची मोठी स्तुती आहे.

याच परंपरेत 2021 मध्ये जॅनिस हॅलेट यांची ‘द अपील’ आली आणि तिनं पहिल्या रहस्यकादंबरीला मिळणारा ‘न्यू ब्लड डॅगर’ पुरस्कार पटकावला. इथे हौशी संच आर्थर मिलर यांचं ‘ऑल माय सन्स’ बसवतोय. संस्था चालवणाऱ्या घरातल्या लहान मुलीला कर्करोग झालाय, आणि तिच्या उपचारांसाठी मदतनिधी उभा राहतोय. मार्शबाईंच्या गावात पियानोसाठी पैसे जमवत होते, इथे औषधासाठी. मदतीचा प्रयोग आणि त्या पैशाचा हिशेब कोण ठेवतं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

हॅलेट यांनी निवेदकच काढून टाकला. अख्खी कादंबरी ईमेल, मोबाइलवरचे निरोप आणि कात्रणं यांचीच. दोन शिकाऊ वकिलांना ही फाइल दिलेली असते आणि आपणही त्यांच्याबरोबर वाचत असतो. तालमीतल्या कुजबुजीला इथे पुरावा मिळालाय, कारण कुजबुज आता लेखी होते. नाटकातली प्रमुख भूमिका संस्थाचालकांच्या घरातच कशी जाते, गावात नव्यानं आलेल्या जोडप्याला कोण किती लगबगीनं जवळ करतं, आणि एक एकटी, सगळ्यांशी गोड बोलणारी परिचारिका किती ईमेल पाठवते आणि तिला किती उत्तरं येतात, यावरून वाचकाला मंडळींचा नकाशा काढता येतो. ‘तू का नाही आलीस?’ हा एका ओळीचा निरोप इथे पियानोतल्या दोरीइतका महत्त्वाचा असू शकतो. मिलरचं नाटक निवडलंय तेही उगाच नाही. सदोष सुट्या भागांमुळे वैमानिक मेले आणि कारखानदारानं ते लपवलं, अशी त्याची कथा. रंगमंचावरचं कुटुंब आणि रंगमंच चालवणारं कुटुंब एकमेकांना छेदत राहतात.

आणखी एक देवाणघेवाण आहे, उलट्या दिशेची. हौशी संस्था रहस्यकथांमध्ये येतात, तशा रहस्यकथाही हौशी संस्थांकडे जातात. इंग्लंडमधल्या गावोगावच्या संस्थांना ख्रिस्तीबाईंची नाटकं आवडतात, ती केवळ नावामुळे नव्हे. एकच दिवाणखाना, म्हणजे एकच नेपथ्य. पात्रं मोजकी: ‘द माउसट्रॅप’मध्ये फक्त आठ. हे नाटक लंडनमध्ये नोव्हेंबर 1952 पासून, कोविडकाळातला खंड सोडला तर, चालू आहे. पण संस्थेच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी सोय निराळीच. रहस्यनाटकात प्रत्येक पात्र संशयित असावं लागतं, म्हणून प्रत्येकाला एक तरी जोरकस प्रवेश द्यावाच लागतो. म्हाताऱ्या मेजरलाही, मोलकरणीलाही. भूमिकावाटपाच्या भांडणावर हा बराच उतारा आहे.

मराठीतून या प्रकाराकडे वळणाऱ्यानं कुठून सुरुवात करावी, असं विचारलं तर मी ‘डेथ ऑफ अ हॉलो मॅन’ सुचवेन, कारण त्यात पडद्यामागचा संसार सगळ्यात भरलेला आहे. ज्यांना कोडं सोडवायचंय त्यांनी ‘द अपील’ घ्यावी आणि कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. नावं खूप आहेत. ‘ओव्हर्चर टू डेथ’ तिसरी. ती उघडली की कथेच्या आधी एक पान लागतं, नाटकाच्या छापील पुस्तकात असते तशी पात्रांची यादी, कोण कुणाचं काय हे सांगणारी. तिच्यात खुन्याचं नाव, इतर सगळ्यांसारखंच, सरळ छापलेलं असतं.